नाव गेलं, कुळ राहिलं

सप्टेंबर २००८मध्ये 'जी१' हा पहिला अँड्रॉइड फोन जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला झाला. कोड खुला, पण फोनला कुलूप! ते निघालं एका विचित्र चुकीमुळे. कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं पडद्यामागे 'रूट'च्या, म्हणजे सर्वाधिकारी मालकाच्या, आज्ञा म्हणूनही चालत होतं. गप्पांमध्ये 'रीबूट' लिहून एंटर दाबलं, की फोन खरोखरच रीबूट व्हायचा. गूगलने चूक दुरुस्त केली, पण तोवर लोकांना वाट सापडली होती.

त्या वाटेवरून २००९मध्ये स्टीव्ह कॉन्डिक यांचं 'सायनोजेनमॉड' आलं. त्याच सप्टेंबरमध्ये गूगलने नोटीस धाडली: अँड्रॉइड खुलं असलं, तरी जीमेल, यूट्यूब ही अ‍ॅप्स आमची. शेवटी ती वगळण्यात आली. ज्याने त्याने आपल्या फोनमधली काढून ठेवायची आणि नंतर परत घालायची. 'खुलं' या शब्दाची हद्द तेव्हा आखली गेली, असं मला वाटतं.

पुढची कहाणी मात्र मेंटेनर मंडळींची. उत्पादकाने अपडेट थांबवले, की त्या मॉडेलची जबाबदारी एखादा स्वयंसेवक उचलतो. लिनक्स कर्नलच्या परवान्यामुळे उत्पादकाला कर्नलचा कोड द्यावाच लागतो. पण कॅमेरा, मोडेम यांचे ड्रायव्हर बरेचदा बंद पेटीतच असतात. जुन्या पेटीतल्या ड्रायव्हरला नव्या अँड्रॉइडशी बोलायला लावणं, हे खरं किचकट काम. आणि बिनपगारी.

२०१३मध्ये या उद्योगाची कंपनी झाली. २०१४मध्ये 'वनप्लस वन' सायनोजेन घेऊनच बाजारात आला. भारतात मात्र मायक्रोमॅक्सने सायनोजेनचे एकाधिकार मिळवले होते. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीवर मनाई केली. ती काही दिवसच टिकली. पण अनेकांच्या फुकट श्रमांवर मोठं झालेलं नाव आता करारातली वस्तू झालं होतं, हे उघड दिसलं.

डिसेंबर २०१६मध्ये कंपनीने वर्षअखेरीस सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. नाव कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे ते गेलं. कोड परवान्याने सगळ्यांचा, तो राहिला. २४ डिसेंबरला त्याच मंडळींनी 'लीनिएज ओएस'ची घोषणा केली. लीनिएज म्हणजे वंश, कुळ. यापेक्षा समर्पक नाव मला सुचत नाही.

म्हणून मी या इतिहासाकडे कंपनीच्या अपयशाची गोष्ट म्हणून पाहत नाही. परवान्याने कोड वाचवला, हे खरं. पण फोन वाचवतो तो माणूस. मेंटेनरला वेळ मिळेनासा झाला आणि दुसरा कोणी पुढे आला नाही, की त्या मॉडेलचे नवे अपडेट थांबतात. कोड तसाच खुला असतो, फोनही धडधाकट असतो. फक्त त्याची काळजी वाहणारं कोणी उरलेलं नसतं.