माजी मालगुजारी तलाव : मातीच्या जुन्या बांधांची सुरक्षितता व देखभाल

डिंडोली, उधना, लिंबायत परिसरातील मराठी कुटुंबांना तापीचा ऑगस्ट २००६ चा महापूर नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दिवसांत सर्वांचे लक्ष उकाईच्या दरवाजांकडे लागले होते. परंतु ज्यांच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही, असे मातीचे लहान बांध महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यांपैकी खासगी मालकीत उभ्या राहिलेल्या पूर्व विदर्भातील तलावांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून भातशेतीसाठी ते बांधले गेले. या कामी कोहळी समाजाचे कौशल्य विशेष प्रसिद्ध असून नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवावयाचे आणि जास्तीच्या पाण्यास एका कडेने सांडवा द्यावयाचा, अशी त्यांची साधी रचना असे. पुढे ब्रिटिश अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे झाले. पाळीवर माती टाकणे, तुडूम दुरुस्त करणे ही कामे मालगुजार गावकऱ्यांकडून करवून घेत. त्यात वेठीचा अंश होता, हे नाकारता येणार नाही. तथापि पाळ कोणाची, हा प्रश्न मात्र गावात कधी पडत नसे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे आहेत. मालक गेला, पाण्यावरील हक्क राहिले, आणि देखभालीचे कर्तव्य मात्र मध्येच कोठेतरी हरवले.

मातीच्या बांधाचा पहिला शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी भिंत ते काही काळ सोसते, माती सोसत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरबीजवळ मच्छू-२ धरणाचे मातीचे भाग असेच वाहून गेले. म्हणून सांडवा मोकळा असणे ही सर्वांत मोठी सुरक्षा होय. मासे अडविण्यासाठी सांडव्यात जाळ्या व बांबू रोवणे, किंवा चार बोटे पाणी अधिक साठावे म्हणून तेथे वाळूच्या गोण्या रचणे, हे प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतात. मोठ्या पावसात तेच बांधाच्या जिवावर उठतात.

दुसरा शत्रू आतला. पाझर प्रत्येक मातीच्या बांधास असतोच. तो स्वच्छ व स्थिर असेपर्यंत भय कमी. पाणी गढूळ येऊ लागले, की आतील माती वाहू लागली असे समजावे. उंदीर, घुशी व खेकड्यांची बिळे, तसेच वाळलेल्या झाडांची कुजलेली मुळे पाण्यास वाट करून देतात. यास्तव पाळीवर गवत असावे, वृक्ष नसावेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून किमान १९ जणांचा बळी गेला, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडण्यात आले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. बिळे बुजविणे हे खेकड्यांचे काम नव्हे.

गाळ काढतानाही तारतम्य हवे. पाळीच्या पायथ्याशी साचलेला चिकण गाळ पाझर रोखून धरतो. तो खरवडल्यास गळती वाढते. त्याचप्रमाणे भरलेला तलाव एकाएकी रिकामा केल्यास आतील ओला उतार घसरण्याचा संभव असतो.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे हे धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, व विशिष्ट अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. बहुसंख्य मालगुजारी तलाव याहून बुटके असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची खरी तपासणी ज्यांची शेते पाळीखाली आहेत तेच करू शकतात : मृगापूर्वी सांडवा व तुडूम पाहणे, बिळे कुटून भरणे, माथ्यावरील खळगे समतल करणे आणि पावसाळ्यात पाळीच्या खालच्या अंगाने नित्य फेरी मारणे. गढूळ पाझर दिसल्यास प्रथम खालच्या वस्तीस हलवावे, तत्काळ तहसील कार्यालयास कळवावे, आणि पाण्याची वाट मातीने बाहेरून बंद करण्याचा प्रयत्न करू नये. त्यावर वाळू व त्यावर खडी पसरावी, म्हणजे पाणी निघून जाते व माती अडते.