मधुमेह आणि न बोललेले गाऱ्हाणे

सौंसरजवळ जामसांवलीला पहुडलेल्या हनुमंतापुढे दूरदूरचे रोगी येतात व आपली व्याधी मोकळेपणी सांगतात. मधुमेही पुरुषाचे एक गाऱ्हाणे मात्र सहसा ओठांवर येत नाही. देवापुढे नाही आणि डॉक्टरांपुढेही नाही.

वस्तुतः वैद्यकाला ते नवे नाही. इब्न सीना (मृत्यू १०३७) याने मधुमेहाच्या लक्षणांत कामशक्तीचा ऱ्हास गणला होता. १७९८ मध्ये जॉन रोलो या स्कॉटिश शल्यवैद्यानेही तीच नोंद केली. परंतु त्या काळी तरुण मधुमेही फार दिवस तगतच नसे. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग व बेस्ट यांना इन्शुलिन गवसले आणि रोगी दशकानुदशके जगू लागला. शर्करेने मज्जातंतू व रक्तवाहिन्यांवर सावकाश केलेला आघात तेव्हा कोठे ठळकपणे दिसू लागला. गंमत अशी, की आळ पुष्कळदा औषधावरच येतो! पुरुषत्व इन्शुलिनने जात नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबद्दल मात्र ही तक्रार खरी असू शकते. डॉक्टरांना सांगितल्यास त्या बदलता येतात.

त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२७ पासून त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक लैंगिक शंका पाठवीत. त्यांना दिलेल्या उत्तरांपायीच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बचावास उभे राहिले, तरी २०० रुपये दंड झालाच. उत्तर देणे जेथे गुन्हा, तेथे विचारणार कोण?

पुढेही कित्येक वर्षे डॉक्टर मंडळी हा बहुधा मनाचाच दोष मानीत. मज्जातंतूंतून व वाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू स्नायू सैल करतो, तेव्हा इंद्रियात रक्त भरते. मधुमेहात हा वायूच अपुरा पडतो. रक्तवाहिन्यांवरील या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिलची गोळी बाजारात आली. मधुमेह्यांना तिचा गुण काहीसा कमी येतो. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते.

हृदयाशी या विकाराचा संबंध आणखीही निकटचा आहे. इंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असल्याने बहुधा आधी अरुंद होतात. छातीत कळ येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे काही पुरुषांत ही तक्रार सुरू झालेली असते.