निराधारचा पगार : एका योजनेची वाटचाल

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. तेव्हा बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, अपंग, ज्यांच्या हाताला काम नाही आणि पाठीशी कुणी नाही, त्यांच्यासाठी ती होती. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या तहसीलमध्ये 'निराधारचा पगार आला का?' ही विचारपूस आजही ऐकू येते.

अपंग कोणाला म्हणायचं, याची यादी पुढे बदलत गेली. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिडहल्ल्याने झालेली इजा यांनाही जागा मिळाली. लाभाची किमान पायरी मात्र ४० टक्केच राहिली. त्या टक्क्यांसाठी बिलोलीहून अनेकांना नांदेड गाठावं लागतं. डॉक्टर गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजतात, स्नायूंची ताकद पाहतात, तक्त्यावरून आकडा काढतात. त्यावरून ओळखपत्राचा रंग ठरतो: ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून पिवळं, ८० पासून निळं. पोलिओने पाय गेलेल्या माणसासोबत कुणीतरी जावंच लागतं, आणि त्या सोबत्याचा रोज बुडतो.

रक्कम वाढली, हे मान्य करायला हवं. महिन्याच्या ६०० रुपयांचे २०१९ मध्ये हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार. मधल्या काळात, ३ डिसेंबर २०२२ ला, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आला. पण मांजरा नदीपलीकडे तेलंगणातल्या बोधनला सोयरीक असलेल्यांना तिथल्या दिव्यांग पेन्शनचा आकडा पाठ असतो: २०२३ पासून ४,०१६ रुपये. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, तेव्हा तिथल्या योजनांची तुलना हाच बोलण्याचा विषय होता.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. दिव्यांगाच्या कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५० हजार. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे त्या दराने भावाने वर्षात १६१ दिवस काम केलं, की त्याच्या घरात राहणारी अपंग बहीण अपात्र. तिच्या पायाचे टक्के तेच, योजनेला लागणारा पंधरा वर्षांचा रहिवासही तोच, अडतं ते भावाच्या मजुरीपाशी. ही मर्यादा मजुरीच्या दराबरोबर दरवर्षी वाढली पाहिजे, आणि उत्पन्न मोजायचंच तर भावाचं नव्हे, तिचं मोजलं पाहिजे.