वखारीतील बिऱ्हाडे

‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे. भिंती उभ्या राहिल्या आणि वर छप्पर चढले, एवढ्याने वास्तु सिद्ध होत नाही. मनुष्य तेथे वसू लागला म्हणजे ती होते. आपल्याकडे आधी वास्तुशांत होते आणि मग बिऱ्हाड येते. न्यूयॉर्क शहरात मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा क्रम उलटा झाला. बिऱ्हाडे आधी आली आणि ‘हे घर आहे’ अशी मान्यता कायद्याने पुष्कळ मागून दिली. गोमंतकातील मुंडकारांचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांस हा इतिहास परका वाटणार नाही.

त्या शहराच्या ब्रुकलिन विभागात, ईस्ट रिव्हर नावाच्या खाडीच्या काठी, १९०९ साली खुल्या झालेल्या मॅनहॅटन पुलाच्या सावलीत कारखान्यांची एक वस्ती होती. रॉबर्ट गेअर हा मूळचा स्कॉटलंडचा गृहस्थ तिचा प्रमुख कर्ता. १८७९ च्या सुमारास त्याच्या छापखान्यात यंत्राच्या एका पट्टीने कागद दुमडण्याऐवजी कापला. त्या अपघातातून कापणे व दुमडणे ही दोन्ही कामे एकाच फटक्यात करण्याची युक्ती त्यास सुचली आणि घडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा मोठा धंदा उभा राहिला. त्याने येथे काँक्रीटच्या इतक्या इमारती बांधल्या की त्या भागास लोक ‘गेअरव्हिल’ म्हणू लागले. जवळच आर्बकल बंधूंचा कॉफी भाजण्याचा कारखाना होता व धक्क्यावर विटांच्या वखारी होत्या.

अशा इमारतीतील मोकळ्या, अखंड मजल्यास तेथे ‘लॉफ्ट’ म्हणतात. आपल्याकडचा पोटमाळा तो नव्हे. यंत्रांचे ओझे पेलावे म्हणून जमीन भक्कम आणि कामास दिवसाचा उजेड मिळावा म्हणून खिडक्या मोठ्या, अशी त्याची रचना असे. पुढे कारखानदारांना शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर एकमजली कारखाने परवडू लागले. १९५६ साली नेवार्क बंदरातून कंटेनर घेऊन पहिले जहाज निघाले, आणि त्यानंतर जुन्या धक्क्यांचे महत्त्व झपाट्याने ओसरले. मजले रिकामे पडले.

चित्रकारांना व शिल्पकारांना असाच उजेड आणि असाच विस्तार हवा होता. १९७० नंतरच्या दशकात ते येथे येऊन राहिले आणि त्यांनीच या भागास ‘डंबो’ हे नाव रूढ केले. भाडेपट्टा मात्र धंद्याचा असे; त्यात राहण्याची परवानगी नसे. कित्येक ठिकाणी रात्री व सुटीच्या दिवशी ऊब देणारी यंत्रणा बंद राही. भाडेकरू स्वतःच्या खर्चाने नळ, मोरी व स्वयंपाकघर करून घेत. इमारत राहण्याजोगी झाली की मालकास तीच अधिक भाड्याने दुसऱ्यास देण्याचा मोह होई, आणि ज्याने ती राहण्याजोगी केली तोच कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरे.

याची सुरुवातीची तड मॅनहॅटनमध्ये लागली. तेथील कलावंतांच्या आग्रहावरून १९६१ साली शहराने त्यांचे राहणे काही अटींवर मान्य केले. आग लागल्यास बंबवाल्यांना आत माणसे आहेत हे कळावे, म्हणून दारावर तशी पाटी लावावी लागे. खरा पालट १९८२ च्या लॉफ्ट कायद्याने झाला. १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या काळात जेथे तीन किंवा अधिक स्वतंत्र बिऱ्हाडे राहत होती, त्या इमारतींतील रहिवाशांस संरक्षण मिळाले. इमारत सुरक्षित करण्याचा भार मालकावर आला आणि भाडेकरूने केलेल्या सुधारणांचे मोल त्यास मिळण्याची तरतूद झाली.

गोमंतकात भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतील घरात राहणाऱ्या मुंडकारास १९७५ च्या कायद्याने असेच संरक्षण दिले. घर विकत घेण्याचा हक्कही दिला. दोघांची स्थिती अर्थात सारखी नव्हे. मुंडकाराच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दैन्य व वेठ होती, तर लॉफ्टमधील कलावंताने ती जागा स्वतः निवडली होती. तथापि दोन्ही कायद्यांचे मूळ तत्त्व एकच आहे: प्रत्यक्ष वसती हाही हक्काचा एक पाया आहे.

तारखेने दिलेले संरक्षण तारखेपाशीच संपते, हेही खरे. त्याच नदीकाठी विल्यम्सबर्ग येथे, एके काळी शेवया करणाऱ्या कारखान्याच्या इमारतीत सुमारे दोनशे माणसे राहत होती. जानेवारी २००८ मध्ये तळघरातील बेकरीच्या धान्यसाठ्यामुळे स्फोटाचा धोका आहे, असे सांगून त्यांना ऐन थंडीत बाहेर काढण्यात आले. धोका खोटा नव्हता. परंतु साठा हलवण्यापूर्वी माणसे हलवली गेली. २०१० साली कायद्याची मुदत वाढवून २००८ व २००९ या दोन वर्षांत सलग बारा महिने राहिलेल्यांस त्यात घेतले गेले.

इकडे डंबोत १९९८ नंतर जुन्या कारखान्यांची महागडी घरे झाली आणि २००७ साली तो भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित ठरला. इमारतींचे जतन झाले, हे चांगलेच झाले. पण ज्यांनी त्या ओस मजल्यांवर पहिली चूल मांडली, त्यांतील कित्येकांना तेथील भाडे परवडेना. जीर्णोद्धार भिंतींचा होतो. वास्तूचा व्हावयाचा तर वसणाऱ्याचीही गणना प्रथम झाली पाहिजे.