सिंहगडाचा पोवाडा : गाणें आणि इतिहास

पोवाडा म्हटला कीं मराठी मनापुढें प्रथम सिंहगड उभा राहतो. डफावर थाप पडली, तुणतुण्याचा सूर लागला आणि शाहिरानें तानाजी मालुसऱ्याचें नांव उच्चारलें, कीं ज्यानें इतिहासाचें एक पानहि वाचलेलें नाहीं त्याच्याहि अंगावर रोमांच उभे राहतात. हा पोवाडा तुळशीदास शाहिराचा. पिढ्यान् पिढ्या तो गाणाऱ्यांच्या मुखींच राहिला. पुढें १८९१ सालीं हॅरी ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हां असल्या कवनांना सुशिक्षितांच्या घरीं ग्रंथाचें स्थान मिळालें.

पोवाड्यांतील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. जिजाबाई प्रतापगडावर आहेत. त्यांची दृष्टि कोंडाण्याकडे जाते व तो गड परक्याच्या हातीं असल्याचें शल्य त्यांना बोंचूं लागतें. त्या राजगडाहून शिवाजीमहाराजांना बोलावून घेतात. मायलेक सोंगट्यांचा डाव मांडतात; पुत्र हरतो आणि माता पणांत कोंडाणा मागते. उमरठ्यास तानाजीच्या घरीं रायबाच्या लग्नाची गडबड चाललेली असते. महाराजांचा निरोप येतांच तो मंगलकार्य बाजूस सारतो आणि वृद्ध शेलारमामास बरोबर घेऊन निघतो. मग ती यशवंती घोरपड, तो कडा, तुटलेला दोर, आणि अखेर गडावर पडलेला तानाजी.

यांतील इतिहास किती? राजकारणाचा धागा सोंगट्यांच्या पटापासून बराच दूर जातो. जून १६६५ मध्यें पुरंदरचा तह झाला व २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले. त्यांत कोंडाणा होता. पुण्याच्या प्रांतावर नजर ठेवणारा आणि राजगडाच्या समोर उभा असलेला हा किल्ला शत्रूच्या ताब्यांत असणें म्हणजे उशाशीं सर्प असण्यासारखेंच होतें. पुढें औरंगजेबाशीं असलेला सलोखा मोडला आणि १६७० च्या आरंभीं गमावलेले गड परत घेण्याची मोहीम सुरू झाली. माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंडाणा पडला. मार्चमध्यें पुरंदरहि परत आला. तेव्हां सिंहगडची चढाई ही एका विचारपूर्वक योजलेल्या मोहिमेचा भाग होती.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्यांत हा प्रसंग थोडक्यांत पण जिवंतपणें आला आहे. पांचशें मावळे रात्रीं कडा चढून जातात. तानाजीची ढाल तुटते. तो डाव्या हाताचीच ढाल करून उदेभानाशीं झुंजतो आणि दोघेहि पडतात. मग सूर्याजी लोकांना सांवरून गड घेतो व पागेला आग लावून राजगडास विजयाची खूण देतो. घोरपडीचा येथें मागमूसहि नाहीं. माणसेंच वानरांप्रमाणें चढतात. सोंगट्यांचा पटहि बखरींत नाहीं. गडाला सिंहगड हें नांव तानाजीच्या मरणामुळें मिळालें, ही समजूतहि कागदपत्रांपुढें टिकत नाहीं. १६६३ च्या पत्रांतच तें नांव आढळतें.

मग पोवाडा खोटा म्हणून टाकून द्यावा काय? तसें करणारा मनुष्य इतिहास जिंकील, पण त्या इतिहासाचा अर्थ हरवून बसेल. शाहिरापुढें बसलेल्या कुणब्याला तहाचीं कलमें ठाऊक नव्हतीं. पण आईचा शब्द, खेळांतला पण आणि दारांत उभारलेला मांडव यांचें मोल त्याला पुरें ठाऊक होतें. राज्याची गरज त्याच्या मनांत उतरावी म्हणून शाहिरानें ती घरच्या भाषेंत सांगितली. मुलाचें लग्न हें कुणब्याच्या संसारांतलें सर्वांत मोठें कार्य; तें ज्यानें मागें सारलें, त्याची निष्ठा निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. आणि पोवाड्याच्या शेवटीं महाराज रायबाचें लग्न लावून देतात, तेव्हां दुसरी बाजूहि पुरी होते. सेवकानें प्राण द्यावा, तर धन्यानें त्याचें घर आपलें मानावें, हा तो करार. तो कोणत्याहि दप्तरांत लिहिलेला नाहीं, परंतु मावळा त्यावर विसंबूनच कडा चढला असला पाहिजे.

मात्र एके ठिकाणीं वाचकानें सावध राहिलें पाहिजे. किल्लेदार उदेभान हा मोंगलांच्या चाकरींतला राजपूत वीर. पोवाड्यानें त्याला अचाट आहाराचा राक्षस बनविलें आहे. त्याच्या दिमतीस चंद्रावळी हत्ती व सिद्दी हिलाल दिले आहेत. श्रोत्यांच्या रंजनासाठीं हें ठीक. पण त्यांत त्या पुरुषावर अन्याय होतो, आणि नकळत तानाजीवरहि होतो. बखरींतील उदेभान आपल्या धन्याचें अन्न स्मरून जागेवर लढतां लढतां पडला. तोलाचा प्रतिस्पर्धी मान्य केला तरच तानाजीच्या मरणाची खरी किंमत कळते.

काळ बदलला तरी हें कवन थांबलें नाहीं. हरि नारायण आपट्यांनीं त्या प्रसंगावर ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. १९३३ सालीं प्रभातनें ‘सिंहगड’ पडद्यावर आणला. प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेप्रमाणें त्या रात्रीचें चित्र पुन्हा रंगविलें. त्या साऱ्या रंगांखालीं मूळ रेघ एकच आहे : माघांतील काळोखी रात्र, उभा कडा आणि दूर राजगडावरून पेटलेल्या आगीकडे लागलेले डोळे. ती आग सभासदानें टिपून ठेवली. तिची ऊब मात्र तुळशीदासानें घरोघर पोंचविली. एकाशेजारीं दुसरा ठेवून वाचला, म्हणजे दोघांचाहि मान राहतो.