सेट-टॉप बॉक्सचे सह्याद्रीतले कूळ

जुन्या टीव्हीवर डिजिटल प्रक्षेपण दाखवणारा सेट-टॉप बॉक्स आपल्याकडे सरकारी सक्तीने आला, असे सर्रास सांगितले जाते. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. मुंबईची मुदत २०१२च्या ऑक्टोबरअखेर संपली, पुणे-सोलापूरची २०१३च्या मार्चअखेर. सातारा-सांगलीसारख्या शहरांची पाळी २०१५च्या डिसेंबरात आली आणि खेड्यांची २०१७च्या मार्चमध्ये. हा क्रम खरा आहे. पण या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर या डब्याची वाट कायद्याच्या कितीतरी आधी मोकळी झाली होती, आणि त्याची गरज निर्माण केली ती इथल्या डोंगरांनी आणि अंतरांनी, असे माझे म्हणणे आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. साताऱ्याचा मनोराही किल्ल्यावरच, अजिंक्यताऱ्यावर उभा राहिला. यात नवल नाही. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की पलीकडे त्यांची सावली पडते. म्हणून प्रक्षेपकाला उंच आणि चौफेर मोकळी जागा लागते, आणि टेहळणीसाठी अशा जागा आपल्याकडे शतकांपूर्वीच हेरून ठेवलेल्या होत्या. मात्र किल्ल्यावरून जे नजरेच्या टप्प्यात येत नव्हते, ते प्रक्षेपणाच्याही टप्प्याबाहेरच राहिले. जावळी, पाटण, कोयनेचे खोरे, सांगलीकडे शिराळ्याचा पश्चिम भाग इथे डोंगराची अडचण. जत-आटपाडीच्या माळावर डोंगर नाही, पण अंतर फार. उंच पाइपाला अँटेना बांधून ती कितीही फिरवली तरी पडद्यावर मुंग्याच. पुढे केबल आली ती दाट वस्तीत. मैल मैल अंतरावरच्या चार-सहा घरांसाठी वायर ओढणे कोणत्या केबलवाल्याला परवडणार?

ही कोंडी फुटली ती १६ डिसेंबर २००४ रोजी, दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क उपग्रहसेवा सुरू केली तेव्हा. तीच आजची डीडी फ्री डिश. कायद्यातली दुरुस्ती व्हायला अजून जवळपास सात वर्षे होती. तिचा आजचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. सातारा-सांगलीत छत्री लावायची तर ती आग्नेयेकडे तोंड करून लावावी लागते आणि तिची नजर क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असते. हा कोन माझ्या मते या कथेतला कळीचा मुद्दा आहे. प्रक्षेपक समोर असतो तेव्हा साधा डोंगरही लहरी अडवतो; उपग्रह इतका डोक्यावर आला की खोऱ्याच्या तळाशी असलेल्या घरालाही तो सहसा दिसतोच. अडचण उरली ती जुन्या संचाची. उपग्रहाच्या लहरी दहा हजार मेगाहर्ट्झच्याही वरच्या. छत्रीपुढचा एलएनबी त्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवतो, तर जुना संच नऊशेच्याही खालचेच काय ते ओळखतो. शिवाय त्याला डिजिटल भाषा येत नाही, त्याला ६२५ रेषांचे चित्र हवे. ते काम डबा करतो आणि चित्र-आवाज पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांतून संचाला देतो. संचाच्या आत काहीही बदलावे लागत नाही. हीच या डब्याच्या कुळाची रीत आहे: अमेरिकेत १९५२ नंतर यूएचएफ वाहिन्या आल्या, तेव्हा जुन्या संचांसाठी असेच कन्व्हर्टर निघाले होते.

यावर कोणी म्हणेल, शहरांत तर डबा कायद्यानेच आला. कबूल. केबलवाल्याकडे खरे ग्राहक किती, याचा हिशेब लागावा हाही त्या कायद्यामागचा एक हेतू होता. पण तो डबा महिन्याचे पैसे भरल्यावर चालणारा. खोऱ्यांत आणि माळावर उपयोगी पडला तो एकदाच विकत घेऊन भागणारा. दोघांचे काम एक, वंश वेगळे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अँटेनाच्या काळात, जिथे लहरी पोचत तिथे, मुंग्यांतून का होईना चित्र दिसायचे, आता मुसळधार पावसात पडदा चौकोनांत फुटतो आणि 'नो सिग्नल' येते. हे खरेच आहे, आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ही उणीव लहान नाही. तिला उतारा होता तो जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाचा. दूरदर्शनने ते २०१६ साली १६ शहरांत सुरू केले, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती, सातारा-सांगली नव्हती. पुढे जुने ॲनालॉग प्रक्षेपकही, सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता, टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. इथल्या माणसाला जमिनीवरून येणारी वाट अशी दोन्हीकडून बंद झाली.

तेव्हा घरातला जुना संच भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीमागे एकदा पाहावे. पिवळे, लाल, पांढरे सॉकेट असतील तर तशाच पिना असलेला फ्री डिशचा डबा त्याला चालेल. फक्त अँटेनाचे सॉकेट असेल तर डब्याचे चित्र-आवाज त्या सॉकेटातून देणारा आरएफ मॉड्युलेटर दुकानात मागावा.