चांदीच्या डॉलरची झीज

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख व दफ्तरें हींच आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. नाण्यांचा उपयोग आम्ही करतों तोहि बहुधा त्यांवरील अक्षरांपुरता. परंतु नाण्याची झीज हाहि एक लेखच आहे, आणि तो कसा वाचावा हें अमेरिकेंतील मॉर्गन डॉलरच्या संग्राहकांकडून शिकण्यासारखें आहे.

हा डॉलर १८७८ सालीं निघाला. दरमहा २० ते ४० लक्ष डॉलर किंमतीची चांदी घेऊन तिचीं नाणीं पाडण्याचें बंधन त्या वर्षींच्या ब्लँड-ॲलिसन कायद्यानें सरकारवर घातलें. खाणवाल्यांची सोय झाली; पण सुमारें २६.७ ग्रॅम वजनाचें हें नाणें खिशांत बाळगण्यास बहुतेक लोक नाखूष होते. हजार-हजारांच्या थैल्या भरून कोट्यवधि डॉलर तळघरांत पडून राहिले.

संग्राहक त्यांची प्रत १ ते ७० अंकांनीं ठरवितात. ही श्रेणी शेल्डन यांनीं १९४९ सालीं तांब्याच्या सेंटांसाठीं योजिली होती. पुढें ती इतर नाण्यांसहि लागू झाली. साठाच्या आंतील नाणें वापरलेलें, साठ व त्यावरील न वापरलेलें. प्रथम झिजतात ते स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरील केस व गरुडाच्या छातीवरील पिसें. थैलींत नाण्यावर नाणें आपटून पडलेला ओरखडा मात्र झीज नव्हे. तो न वापरलेल्या नाण्यावरहि असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळींतील १८८१ सालचा डॉलर कोरा करकरीत असा विपुल मिळतो; १८८४ सालचा झिजलेला सहज मिळतो, कोरा अतिदुर्मिळ. टांकसाळ एकच, अंतर तीन वर्षांचें. एक थैलींत राहिला, दुसरा बाजारांत फिरला, ही साक्ष झिजेचीच होय.

या साक्षीची गरज १९१८ च्या पिटमन कायद्यानें वाढविली. महायुद्धांत हिंदुस्थानांत नोटांच्या बदल्यांत रुपये देणें सरकारास कठीण झालें, तेव्हां अमेरिकेनें २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविले. पैकीं सुमारें २५ कोटी ९१ लक्ष डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठीं ब्रिटनला विकली गेली. पंचम जॉर्जच्या रुपयांत त्या डॉलरांचा अंश आला तो असा. कोणत्या सालचे किती डॉलर आटले याची नोंद कोणी ठेविली नाहीं. म्हणून टांकसाळीचे आंकडे येथें अपुरे पडतात.

उरलेल्या नाण्यांची साक्षहि जपूनच घ्यावी. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ सालचा डॉलर फार दुर्मिळ समजला जाई; १९६२ च्या अखेरीस सरकारी थैल्या सुटल्या आणि त्याची किंमत कोसळली. ज्यास दुर्मिळता म्हटलें तें निव्वळ अज्ञान होतें.

बाजार निष्कलंक नाण्यास मान देतो, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण इतिहासाच्या अभ्यासकानें झिजलेला डॉलरहि तितक्याच आदरानें हातीं घ्यावा. लोकांच्या देवघेवींत खरोखर वावरला तो तोच.